डाव्या हातांचा तास

“डावा! ओकामोतो, डावा हात! उत्तर येत नाही ना तुला? मग उजवा कशाला वर केलास?”

ओकामोतोने घाईघाईने हात बदलला. कुसाका-सेन्सेईंनी पहिल्या बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. वर्गातल्या झाडून सगळ्या पोरापोरींचे हात वर होते. काही उजवे, काही डावे.

“छान. हात खाली. आता पुन्हा. व्हॉट डिड केन ईट यस्टर्डे?”

पुन्हा सगळे हात वर. पुस्तकातल्या त्या केनने काल काय खाल्लं हे सांगायला वर्ग एवढा उतावीळ झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी खिडकीशी रॉकेलच्या स्टोव्हला पाठ शेकत उभा होतो आणि मला काही केल्या उलगडा होत नव्हता.

जपानात मास्तराला सेन्सेई म्हणतात. मी मेथे, मूळचा आटपाडीचा. त्या लोकांच्या जिभेला ‘थ’ झेपत नाही, म्हणून मी मेते-सेन्सेई. टोकियोत एका पंपाच्या कंपनीत भाषांतराला म्हणून गेलो होतो. कंपनी बुडाली. तेवढ्यात कळलं की उत्तरेकडे यामागाताच्या डोंगरात एका शाळेला इंग्रजी बोलणारा माणूस हवाय. आधीचा अमेरिकन मास्तर पहिल्याच बर्फात पळून गेला होता. म्हणे त्याच्या दाराशी इतका बर्फ साठला की तो माडीच्या खिडकीतून उडी मारून थेट विमानतळावर पोचला. हे मला शाळेच्या शिपायाने सांगितलं, मी पदरचं काही घातलेलं नाही.

माझं काम सोपं होतं. कुसाका-सेन्सेई खूण करायचे, मी पुस्तकातलं वाक्य वाचायचं, पोरांनी ते माझ्यामागून म्हणायचं. जिवंत टेपरेकॉर्डर. कुसाका-सेन्सेई हे खरे इंग्रजीचे मास्तर. वाळक्या अंगाचे, बारा महिने तोच तपकिरी टाय. इंग्रजीचं व्याकरण असं पाठ की इंग्रजांनी येऊन शंका विचाराव्यात. पण बोलायची वेळ आली की ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत जाणाऱ्या माणसासारखे जपून एकेक शब्द टाकायचे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी विचारलं, “सेन्सेई, ते डाव्या-उजव्याचं काय आहे?”

त्यांनी आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. “उजवा वर म्हणजे उत्तर येतं. डावा वर म्हणजे येत नाही. मी फक्त उजव्यांनाच विचारणार.”

“आणि मागे बसलेल्या पाहुण्यांना काय दिसणार?”

“हातांचं जंगल,” ते म्हणाले आणि पहिल्यांदाच थोडे खूश दिसले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा जाहीर तास होता. ही तिकडची पद्धत. वर्षातून एकदा एखाद्या मास्तराने तास घ्यायचा आणि जिल्ह्यातल्या शाळांचे मास्तर, शिक्षण-अधिकारी असे सगळे वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहून तो बघणार. तास झाला की मास्तराला समोर बसवून त्याची चिरफाड करणार, अतिशय नम्र भाषेत.

“मागच्या वेळी,” कुसाका-सेन्सेई कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, “मी प्रश्न विचारला, तर एकही हात वर आला नाही. मी पुन्हा विचारला. मग सोपा करून विचारला. मग मीच उत्तर दिलं आणि म्हटलं, बरोबर आहे ना? त्यालाही कोणी हात वर केला नाही. घंटा होईपर्यंत ती शांतता तशीच राहिली. मागे कोणीतरी खोकलं, त्याचंसुद्धा बरं वाटलं मला.”

“कधीची गोष्ट?”

“फार वर्षं झाली. मेते-सेन्सेई, मी अजून घरी रेडिओ लावून झोपतो.”

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, “मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. हा शेवटचा तास. चांगला नाही झाला तरी चालेल. फक्त ती शांतता नको.”

मी म्हटलं, “नाही होणार.” मला काय माहीत होतं? पण असं म्हणायला काही लागत नाही.

आता रावसाहेबाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एप्रिलमध्ये, शाळेचं वर्ष सुरू झालं तेव्हा, पोरांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की इंडियात घरोघरी हत्ती असतात का. आता याला नाही म्हणणं म्हणजे पोरांचं मन मोडणं. मी म्हटलं, घरोघरी नाही, पण खरसुंडीला माझ्या मामांकडे एक आहे. नाव रावसाहेब. गावातल्या शाळेची घंटा तोच वाजवतो आणि मास्तर उशिरा आला तर सोंडेने गेट लावून घेतो. पोरं एका सुरात “हेऽऽ!” म्हणाली. तिकडे आश्चर्य वाटलं की असं म्हणतात. कोणी हसलं नाही, कोणी शंका काढली नाही. मान हलवून सगळ्यांनी ते खरं धरलं.

मी आटपाडीच्या पारावर वाढलेला माणूस. तिथे एखाद्याने थाप मारली की दुसरा ताबडतोब तिला वरचढ थाप मारतो, तिसरा दोघांच्या आया-बहिणी काढतो आणि मग खरी मजा सुरू होते. इथे मी रोज चेंडू टाकत होतो आणि समोर बॅट घेऊन कोणी उभंच नव्हतं. म्हणून मी थापा वाढवत नेल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर तिकडे पोरंच शाळा साफ करतात, ओल्या फडक्याने गुडघ्यांवर रांगत लाकडी फरशी पुसतात. त्या वेळात मीही फडकं घेऊन त्यांच्यात बसायचो आणि रावसाहेब पुढे सरकायचा. रावसाहेबाने चोर पकडला. रावसाहेबाने मामांच्या शिलाई यंत्राचं चाक फिरवून एका दिवसात अख्ख्या वरातीचे कपडे शिवून दिले. पोरं म्हणायची, “हेऽऽ!”

एकदा मी कुसाका-सेन्सेईंना विचारलं होतं, “यांना खरंच खरं वाटतं का हो?”

“काहींना वाटत असेल. काहींना नसेल.”

“मग नसेल ते बोलत का नाहीत?”

ते बुचकळ्यात पडले. “सेन्सेईला? तोंडावर?” म्हणाले. “मग सेन्सेईंनी काय करायचं?”

शेवटी कंटाळून जूनमध्ये मी रावसाहेबाला मारून टाकलं. पाटलाच्या घरच्या लग्नात कढईभर जिलेब्या खाल्ल्या आणि गेला, असं सांगितलं. सांगता सांगता मी इतका रंगात आलो की चष्मा काढून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी वर्गात आलो तर खिडकीवर कागदाच्या हत्तींची माळ लावलेली. प्रत्येकाने एकेक घडी घालून केलेला. मधोमध एक मोठा होता, त्याची सोंड वर, कानाला बारीक घड्या. तो केला होता चिहारु नावाच्या मुलीने. चिहारु खिडकीजवळ बसायची. एप्रिलपासून एकदाही मी वर्गात तिचा आवाज ऐकला नव्हता, आणि कुसाका-सेन्सेईंच्या तालमीतही तिचा कायम डावा हात वर असायचा. मी त्या माळेला नमस्कार केला. दुसरं करणार तरी काय होतो?

मग तिकडची जुलै-ऑगस्टातली उन्हाळ्याची सुट्टी आली, मी दुसऱ्या थापांच्या मागे लागलो आणि रावसाहेबाला विसरून गेलो. माळ मात्र खिडकीवर तशीच होती.

जाहीर तासाचा दिवस उजाडला. सकाळपासून शाळा घासूनपुसून चकचकीत. हेडमास्तर ओनुमा-सान (सान म्हणजे आपलं ‘राव’) स्वतः दारात चपलांच्या जोड्या सरळ लावत होते, कारण पाहुण्यांनी बाहेरचे बूट काढून शाळेच्या सपाता घालायच्या. तास सुरू व्हायच्या आधी मागची भिंत माणसांनी भरून गेली. मधोमध शिक्षण-अधिकारी तोयामा. चौकोनी बांधा, चौकोनी चष्मा, हाताची घडी.

“मेते-सेन्सेई,” कुसाका-सेन्सेई माझ्या कानाशी म्हणाले, “मी पांढरा दिसतोय का?”

“नाही हो. नेहमीसारखेच.”

“नेहमी मी कसा दिसतो?”

“पांढरे.”

त्यांनी टाय नीट केला आणि आत गेले.

तास असा चालला की काय सांगू. मी वाचलं, पोरांनी म्हटलं. प्रश्न आला की सर्रकन हातांचं जंगल उभं राही. कुसाका-सेन्सेई डोळे बारीक करून उजवा शोधायचे, नाव पुकारायचे, उत्तर बरोबर. पुन्हा जंगल. मागच्या भिंतीवरून कौतुकाचे हुंकार येऊ लागले. ओनुमा-सानांनी तर डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. केनने काल काय खाल्लं, कुठे खाल्लं, कोणाबरोबर खाल्लं, सगळं सगळं झालं.

आणि तिथेच घोटाळा झाला.

तालीम इतकी झाली होती की पोरं प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होती. जो तास घंटेपर्यंत पुरवायचा, तो निम्म्यावर आला असेल नसेल तेवढ्यात संपला. कुसाका-सेन्सेईंनी पुस्तकाचं पान उलटलं. पुढचं पान अजून शिकवलेलं नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग फळ्याकडे. फळ्यावर जे लिहायचं ते सगळं लिहून झालं होतं.

वर्ग शांत झाला.

मला स्टोव्हची भुरभुर ऐकू येऊ लागली. मागे कोणीतरी खोकलं. कुसाका-सेन्सेईंच्या हातातला खडू मोडला, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बुडणाऱ्या माणसाने काठावरच्या कुत्र्याकडेही तसंच पाहिलं असतं.

मी पुढे झालो. डोक्यात काहीही नव्हतं. पण माझं तोंड डोक्याची वाट बघत नाही, ही माझी जुनी खोड. मी इंग्रजीत म्हणालो, “मुलांनो, काल मला मामांचा फोन आला होता. खरसुंडीला पूर आलाय. पण काळजी नको. रावसाहेब ओढ्यात उतरला आणि त्याने अख्खी शाळा पाठीवर घेऊन पलीकडे नेली. मास्तरांसकट.”

सुचत गेलं तसं मी आणखी रंगवलं. रावसाहेबाच्या पाठीवर पोरं पाढे म्हणत होती. मास्तर शेपटीशी बसले होते. शेवटी म्हणालो, “काही प्रश्न?”

हे दोन शब्द मी सवयीने बोललो. पण पोरांच्या अंगात इतक्या दिवसांची तालीम भिनलेली. प्रश्न ऐकताच हात वर. सगळे. आणि मी बघतोय तर सगळे डावे! कोणालाच काही येत नव्हतं, येणार कुठून, याची तालीमच झाली नव्हती. डाव्या हातांचं रान. पाहुण्यांना काही फरक कळला नाही, ते मान डोलवत राहिले. कुसाका-सेन्सेईंना कळला. ते भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले.

मग मला एक उजवा हात दिसला. खिडकीजवळचा.

नियम होता, उजव्यालाच विचारायचं. मी म्हटलं, “येस, चिहारु.”

ती उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. तिने एकदा खिडकीवरच्या माळेकडे पाहिलं आणि म्हणाली,

“मेते-सेन्सेई. यू आर टेलिंग अ लाय.”

मागच्या भिंतीचा श्वास अडकल्याचं मी ऐकलं. अगदी खरं सांगतो, सपाता एकदम मागे सरकल्या. ओनुमा-सानांचे मिटलेले डोळे उघडले. पोरीने सेन्सेईला, भर जाहीर तासात, तोंडावर खोटारडा म्हटलं होतं. कुसाका-सेन्सेई पुढे यायला निघाले आणि मध्येच थांबले, कारण आता माफी कोणाची कोणी मागायची हेच कळेना.

“लाय?” मी म्हटलं. “व्हाय?”

चिहारुचे कान लाल झाले होते. पण ती खाली बसली नाही. “रावुसाहेबु इज डेड,” ती म्हणाली. “इन जून. मेनी स्वीट्स. यू क्राइड.” मग माळेकडे बोट दाखवून, “वी मेड पेपर. रावुसाहेबु इज देअर.”

मला घाम फुटला. नोव्हेंबरात. पारावर एवढी वर्षं घालवली, पण मला असं थेट कोणी पकडलं नव्हतं.

“अच्छा, तो,” मी म्हटलं. “हा त्याचा भाऊ.”

“नो!” चिहारु म्हणाली. “यू सेड, ओन्ली वन एलिफंट. नो ब्रदर.”

मी काहीतरी बोलणार एवढ्यात ओकामोतो उठला. कोणी बोलावलं नव्हतं. डावा हात वर करायचा की उजवा हे त्यालाच ठरवता येईना, शेवटी दोन्ही वर केले. “मेबी घोस्ट!” तो ओरडला.

“घोस्ट कॅन नॉट कॅरी स्कूल!” पलीकडून कोणी मुलगी ओरडली.

“इंडिया घोस्ट इज स्ट्राँग!”

“सेन्सेई इज लायर!”

“नो! सेन्सेईज अंकल इज लायर! टेलिफोन!”

मग काय विचारता. वर्ग पेटला. अर्धे भुताच्या बाजूने, काही मामांना खोटं ठरवणारे, आणि चिहारु एकटी सगळ्यांशी भांडत, रावसाहेब मेलाय, मेलाय, मेलाय. तासात जपानी बोलायचं नाही हा कुसाका-सेन्सेईंचा नियम, म्हणून बिचारे मिळेल त्या इंग्रजी शब्दाने एकमेकांना मारत होते. क्रियापदं मोडली, काळ मोडले, व्याकरणाचा तर चुराडा झाला. पण त्या वर्गात कोणी गप्प नव्हतं. घंटा झाली. कोणी उठलं नाही. ती घंटा ऐकली फक्त कुसाका-सेन्सेईंनी. ते फळ्याशी उभे होते, दोन्ही हातांत खडूचे तुकडे, आणि डोळे मिटून ते नुसते ऐकत होते, जणू काही रेडिओ चालू होता.

संध्याकाळच्या आधी चिरफाडीची बैठक बसली. लांब टेबल, सगळ्यांपुढे चहा. एकेक पाहुणा उठून वाकून बोलू लागला. फळ्यावरचं अक्षर सुंदर होतं. पडदे स्वच्छ होते. प्रश्नांची गती कदाचित, फक्त कदाचित, थोडी जास्त होती. शेवटच्या प्रकाराबद्दल कोणी अवाक्षर काढेना. तो जणू घडलाच नव्हता. कुसाका-सेन्सेई प्रत्येकाला वाकून धन्यवाद देत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

मग तोयामा उठले. हाताची घडी सोडली नाही.

“शेवटचा भाग,” ते म्हणाले, “योजनेत नव्हता.”

“नव्हता,” कुसाका-सेन्सेई म्हणाले. “क्षमा असावी.”

“त्याची तालीम केली होती का?”

“नाही.”

“मी वीस वर्षं वर्गांत शिकवलंय,” तोयामा म्हणाले. “माझी मुलं कधी अशी बोलली नाहीत. एकदाही नाही. ही बोलली ती कशामुळे? इथे कोणाला सांगता येईल?”

पुन्हा शांतता. तीच, जिची सेन्सेईंना भीती होती. आता मास्तर गप्प होते.

आणि कुसाका-सेन्सेईंनी हात वर केला. डावा.

ओनुमा-सान म्हणाले, “हं, बोला, कुसाका-सेन्सेई.” पण ते बोलले नाहीत. हात तसाच वर ठेवून बसले, आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्यांना एक सोन्याचा दात आहे.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला एक म्हाताऱ्या बाई होत्या, खालच्या खोऱ्यातल्या शाळेच्या. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. ओठ दाबले. आणि हळूच आपलाही डावा हात वर केला. मग त्यांच्या शेजारच्याने. मग आणखी एकाने. टेबलाभोवती एकामागून एक हात वर येत गेले, सगळे डावे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आमच्या शाळेचंच ते गुपित आहे असं मी समजून चाललो होतो!

तोयामांनी सगळ्या टेबलावर नजर फिरवली. हाताची घडी सोडली. चष्मा काढून खिशात ठेवला, आणि त्यांनीही डावा वर केला.

मीही केला. आयुष्यात खरं बोलल्याचे माझे प्रसंग थोडेच आहेत, त्यातला हा एक.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी फडकं घेऊन फरशी पुसत होतो. चिहारु शेजारच्या पट्टीवर होती. फळीमागून फळी पुसत ती माझ्या बरोबरीला आली आणि थांबली. या वेळी जपानीत बोलली, अगदी हळू.

“सेन्सेई, रावसाहेब खरंच गेला ना?”

“गेला,” मी म्हटलं.

“जिलेब्या खाऊन?”

“कढईभर.”

“मग कालचं?”

“कालचं खोटं.”

तिने समाधानाने मान हलवली. “मला माहीत होतं,” म्हणाली, आणि फडकं दाबून पुढे निघून गेली.

मामा खरसुंडीला शिंपी होते. त्यांच्या दारात हत्ती सोडा, साधी शेळीही कधी नव्हती. मार्चमध्ये निरोपाच्या दिवशी कुसाका-सेन्सेईंनी माळेतला तो मोठा हत्ती चिहारुला विचारून घरी नेला. त्यानंतर मी देशोदेशी फिरलो, नाना थापा मारल्या, आता म्हातारपणी रोज दोन-चार मारल्याशिवाय जेवण जात नाही. पण रावसाहेबाला मी पुन्हा जिवंत केलेलं नाही.